फाटकाच्या आत मावशी

मावशींचं पाळणाघर म्हणजे त्यांच्या घराचा अख्खा तळमजला. पूर्वी तिथे बैठकीची खोली होती, जेवणघर होतं, पाहुण्यांची खोली होती. आता पाहुणे आलेच तर त्यांना बुटक्या खुर्च्यांवर गुडघे हनुवटीला लावून बसावं लागतं आणि बदकाचं चित्र असलेल्या कपातून चहा प्यावा लागतो. ज्यांना ते पटलं नाही ते येईनासे झाले, एवढंच.

घरचा धंदा, घरचीच माणसं. काका, म्हणजे मावशींचे यजमान, स्वयंपाकघर सांभाळतात. मऊ भात, उकडलेल्या भाज्या आणि केळ्याचे काप यापलीकडे त्यांची मजल जात नाही, पण गिऱ्हाइकांना दातच कमी, त्यामुळे आजवर निभावलं. मुलगा व्हॅन चालवतो, पोरं आणतो-पोहोचवतो. सूनबाई बालशिक्षणाचा रीतसर कोर्स करून आलेली. ती मोठ्यांना, म्हणजे साडेतीन-चार वर्षांच्या प्रौढ मंडळींना, मणी ओवायला आणि एकमेकांना न चावायला शिकवते.

दारातून आत गेलं की भिंतीवर, आपल्या कमरेइतक्या उंचीवर, खुंट्यांची रांग लागते. वाचता कुणालाच येत नाही, म्हणून प्रत्येक खुंटीवर एक चित्र. छत्री, ससा, इंजिन, किटली. पोरगं दाखल झालं की त्याला खुंटी मिळते आणि मग पाळणाघरात त्याचं नावच ते. "किटलीने दूध प्यायलं का?" "छत्रीची चड्डी बदला." "सशाला आणि इंजिनाला शेजारी झोपवू नका, दोघंही जागेच राहतात." बाहेरच्या माणसाने ऐकलं तर त्याला वाटावं, ही बाई भंगाराचं दुकान चालवते की काय.

मावशी कडक. मूल न्यायला ठरलेलं माणूस आलं नाही, तर आधी आईबापांना फोन, मगच मूल हातात. एकदा सशाचा सख्खा मामा आला होता, पोलिसाच्या गणवेशात. त्यालाही भर उन्हात फाटकाबाहेर उभा केला. तो म्हणाला, "अहो, मी पोलीस आहे!" मावशी म्हणाल्या, "असाल. उद्या देव आला तरी म्हणेन, थांबा, आधी फोन लावते." फोन लागेपर्यंत मामा घामाने निथळला, पण भाच्याला घेऊन जाताना सलाम ठोकून गेला.

हा झाला बाहेरच्यांचा नियम. घरच्यांसाठी दुसरा. पाळणाघर चालू असताना, फाटकाच्या आत, मावशी सगळ्यांची मावशी. कुणाची आई नाही, कुणाची कुणी नाही. हा नियम कुठून आला ते सांगायलाच हवं, कारण पुढचं सगळं रामायण त्यातूनच घडलं.

मावशींची थोरली लेक तीन वर्षांची होती तेव्हा पाळणाघरात जेमतेम पाच पोरं होती. एका दुपारी लेक पळत आली आणि "आई" म्हणून मावशींच्या मांडीवर चढली. कोपऱ्यात एक पोरगं बसलं होतं, त्याची आई त्याच आठवड्यात कामावर रुजू झालेली. तो शब्द ऐकला मात्र, आणि ते असं काही रडायला लागलं की विचारू नका. त्याचं बघून दुसरं, दुसऱ्याचं बघून तिसरं. पाचांनी मिळून घर डोक्यावर घेतलं. मावशींना वाटलं, ही लोकांची लेकरं आईवाचून दिवस काढतायत आणि आपण त्यांच्या देखत आपल्या पोरीचे लाड करतोय! त्या संध्याकाळी त्यांनी लेकीला समोर बसवून सांगितलं, "फाटक उघडं असेल तोवर मला मावशी म्हणायचं. शेवटचं मूल गेलं, वरची कडी लागली, की मग आई. समजलं?"

लेकीने मान हलवली. लेक भारी समजूतदार. तिथेच तर सगळं चुकलं. पोरगी जरा द्वाड असती तर बरं झालं असतं.

धाकटा झाला तो पक्का द्वाड. त्याने नियम या कानाने ऐकला आणि त्या कानाने सोडून दिला. भर दुपारी "आईऽऽ, शी झालीऽऽ" म्हणून बोंबलायचा, पोरं रडायची, मावशी डोळे वटारायच्या, आणि तो आईला आईच म्हणत वाढला. लेक मात्र संध्याकाळी फाटकाशी बसून राहायची, शेवटचं मूल कधी जातं याची वाट बघत. आणि आईबापांचं काय सांगावं! कुणाची बस चुकायची, कुणाच्या साहेबाला नेमकं त्याच वेळी काम आठवायचं. वरची कडी लागेपर्यंत लेकीचे डोळे मिटायला लागलेले असायचे. मग एका संध्याकाळी, कोणत्या ते कुणालाच सांगता येणार नाही, कडी लागल्यावरही ती मावशीच म्हणाली. ते मावशींच्या लक्षातसुद्धा आलं नाही. लक्षात आलं तोवर जिभेला वळण पडलं होतं. लग्न होऊन निघाली तीही "येते मावशी" म्हणूनच. मंडळी खो खो हसली. मावशीही हसल्या, आणि आत जाऊन नळ सोडून रडल्या.

तेव्हापासून ही एकच भूक त्यांच्या पोटात राहिली. मुलगा आई म्हणतो, सून वरच्या मजल्यावर गेली की आई म्हणते. पण जिच्यामुळे आपण पहिल्यांदा आई झालो तिच्या तोंडून नाही. आणि साठीच्या बाईने लेकीपुढे "मला आई म्हण गं" असा पदर पसरायचा? जनाची नाही तरी मनाची! दुपारी एखादं पोरगं झोपेत "आई" म्हणून कण्हलं की मावशींचा हात आपोआप त्याच्या पाठीवर जायचा, आणि घटकाभर त्या स्वतःचीच फसवणूक करून घ्यायच्या.

अशात लेकीची बदली याच गावात झाली. जावई महिन्या-दीड महिन्याने येणार होते. लेक नातीला घेऊन पुढे आली, पाळणाघरापासून चार गल्ल्या सोडून घर घेतलं. नात अडीच वर्षांची. एका जागी टिकेल तर शपथ, म्हणून तिचं नाव पडलं भिंगरी. मावशींना आभाळ ठेंगणं झालं. काकांकडून रांगेत पहिल्या जागी नवी खुंटी ठोकून घेतली आणि वर स्वतः बसून भिंगरी रंगवली, लाल, पिवळी, हिरवी. हाताला तीन दिवस रंग होता.

रविवारी लेक आली. खुंटीपाशी थांबली, चित्रावरून बोट फिरवलं, म्हणाली, "छान झालीय." मग वर चहा घेताना कपात बघत म्हणाली, "मावशी, भिंगरीला मी चौकातल्या पाळणाघरात घातलंय. उद्यापासून जाईल."

काकांचा चमचा कपातच थांबला. सूनबाई उठून उगाचच खिडकी लावायला गेली.

"का गं?" मावशींना एवढंच सुचलं.

"ऑफिसच्या शेजारी आहे. बरं पडतं."

"अगं, काखेत कळसा आणि गावाला वळसा! लोक आमच्या फाटकाशी रांगा लावतात आणि माझी लेक..."

"ते लोक वेगळे, मावशी," लेक म्हणाली. तेवढंच. पुढे भाऊ-भावजयीच्या, बाजाराच्या गप्पा.

मावशींनी आपल्या परीने कारण शोधून काढलं. चौकातलं पाळणाघर नवं कोरं. तिथे म्हणे जमिनीला रबर, खिडक्यांना रंगीत काचा, आणि मुलं पडली तरी उसळतात. "पिकतं तिथे विकत नाही," त्या सूनबाईला म्हणाल्या आणि ओला टॉवेल असा पिळला की त्याचा जीव गेला. मग लागल्या कामाला. नव्या चटया आणल्या. सूनबाईच्या मागे लागून भिंतीवर जंगल रंगवून घेतलं. हत्ती डुकरासारखा झाला, पण पोरांना चालला. लेक रविवारी यायची, जंगल बघायची, "मस्त" म्हणायची, आणि सोमवारी भिंगरी पुन्हा चौकात.

रविवार मात्र मावशींचा. भिंगरी घरभर "आजी, आजी" करत फिरायची. आजी, हे काय? आजी, बघ ना. आजी, मुंगी! मावशी दर हाकेला ओ द्यायच्या, एकही वाया घालवायच्या नाहीत. लेक सोफ्यावर बसून त्या दोघींकडे बघत राहायची. काय बघते, हे मावशींनी कधी विचारलं नाही.

मग एका सकाळी चौकातल्या पाळणाघरातला पाण्याचा पाइप फुटला. रबरावर घोटाभर पाणी. लेकीचा सकाळी सकाळी फोन, "मावशी, आजच्या दिवस ठेवाल का तिला?" ठेवाल का! मावशींनी भिंगरीच्या खुंटीवरची धूळ पुसली, नवा टॉवेल अडकवला आणि काकांना सांगितलं की आज केळी जास्त कापा.

त्या दिवसांत किटली नवी होती. किटली म्हणजे दोन वर्षांचा एक गोलमटोल पोरगा, पाळणाघरातला पहिलाच आठवडा. सकाळपासून वाफ सोडत होता, मावशींच्या कडेवर आत्ता कुठे थंड झाला होता. हुंदके तेवढे राहिले होते. इतक्यात फाटक वाजलं, खालची कडी निघाली आणि भिंगरी बाणासारखी आत सुटली.

"आजीऽऽ!"

सगळी पोरं वळली. किटलीचा खालचा ओठ बाहेर आला. आणि मावशींच्या तोंडून, डोक्यात काही येण्याच्या आत, इतक्या वर्षांचं वाक्य निघून गेलं. "इथे मावशी म्हणायचं हं, राणी."

भिंगरी अर्ध्या वाटेत थांबली. आधी तिने आजीकडे बघितलं, मग मागे वळून आईकडे. लेक फाटकात उभी होती, एक हात वरच्या कडीवर. तिचा चेहरा तीन वर्षांच्या पोरीचा झाला होता. मावशींनी तो बघितला आणि त्यांना कळलं की आपण काय बोललो.

"भिंगरी, इकडे ये," लेक म्हणाली.

"अगं, चुकून गेलं तोंडातून! सवय गं नुसती..."

"माहितीये सवय. मलाही लागली." लेकीने भिंगरीला उचललं. आवाज चढवला नाही, पोरं होती ना समोर. ती अजूनही समजूतदारच होती. "ह्या सगळ्यांना खुंटी आहे, मावशी. मला कधीच नव्हती. मी घरची ना! बरं, घरची म्हणून आई मिळेल, तर ती कडी लागल्यावर. ह्यांची आई संध्याकाळी फाटकाशी यायची तरी. माझी कुठून येणार? ती आतच होती."

किटली पुन्हा सुरू झाला होता. मावशी त्याला थोपटत होत्या, थोपटतच राहिल्या. हात थांबवता आला नाही त्यांना.

"भिंगरीची आजी तरी दिवसभर आजी असू दे," लेक म्हणाली. "मी आज रजा टाकते. रविवारी येऊ आम्ही." आणि जाताना फाटकाची खालची कडी आठवणीने लावून गेली.

दुपारी पोरं झोपली. मावशी स्वयंपाकघरात येऊन बसल्या. काका भांडी विसळत होते.

"शाळेतून तिला आणायला मी जायचो," काका पाठ न वळवता म्हणाले. "शाळा सुटली की बाहेर यायची, आणि आधी माझ्या मागे बघायची. रोज. कुणी आलंय का म्हणून."

"मला कधी बोलला नाहीत!"

"बोलून काय केलं असतंस? पोरं टाकून आली असतीस?"

उत्तर दोघांनाही ठाऊक होतं. त्यांना एक जुना प्रसंग आठवला. पाळणाघराला काही वर्षं झाली म्हणून पालकांना बोलावलं होतं. एका पालकाने भाषण ठोकलं होतं, "म्हणतातच ना, माय मरो पण मावशी जगो! आमच्या पोराला तर ह्या मावशी आईपेक्षा प्यारी!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. लेक दहा वर्षांची, बिस्किटांचा ट्रे घेऊन फिरत होती. तिने तेवढं एकदा मान वर करून बघितलं होतं. तेव्हा मावशी टाळ्या घेण्यात गुंतल्या होत्या, ती नजर त्यांना आज दिसली.

त्यानंतर मावशींचं चित्त ठिकाणावर राहीना. सशाला इंजिन म्हणायच्या, छत्रीचे बूट किटलीला घालायच्या. रविवारी लेक आली नाही, भिंगरीला सर्दी झाल्याचा फोन आला. सर्दी खरी की खोटी, विचारायचा धीर झाला नाही.

पुढच्या आठवड्यात एका दुपारी पोरं झोपेतून उठली, केळी खाऊन झाली, आणि मावशी चालत चालत फाटकापाशी गेल्या. खालची कडी काढली.

"मावशी, कुठे?" सूनबाईने विचारलं. तिचं चुकलं नाही. पाळणाघर चालू असताना मावशी फाटकाबाहेर पडल्याचं तिने कधी पाहिलंच नव्हतं. दाढ ठणकली तरी त्या रविवारपर्यंत कळ काढायच्या. लेकीच्या शाळेत बक्षीस समारंभ झाले, नाटकं झाली, सगळीकडे काका.

"भिंगरीला आणायला," मावशी म्हणाल्या.

"आत्ता? आणि इथे?"

"इथे तू आहेस की! कोर्स केलायस ना?"

काका खिडकीत येऊन बघत राहिले. मग हातातलं फडकं खांद्यावर टाकून पोरांत जाऊन बसले.

मावशी तरातरा चौकात पोचल्या तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की अंगात एप्रन तसाच आहे. एका खिशात रुमाल, दुसऱ्या खिशातून कुणाचातरी मोजा लोंबतोय. आता काय करणार? पाळणाघराच्या निळ्या फाटकाशी चार-सहा आया उभ्या होत्या. मावशी त्यांच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. फाटकाच्या ह्या बाजूने उभं राहायची त्यांची पहिलीच वेळ. इथून आतलं नीट दिसतच नाही, नुसते आवाज येतात. आपलं मूल कुठलं, रडतंय ते आपलं तर नाही, असं मान लांब करून बघावं लागतं. इतकी वर्षं बाया अशा का उभ्या राहतात, हे मावशींना आज समजलं.

निळ्या टी-शर्टमधली एक तरुण मुलगी एकेक मूल हातात देत होती. मावशींचा नंबर आला. त्यांनी नातीचं कागदावरचं नाव सांगितलं.

"तुम्ही कोण तिच्या, काकू?"

"आजी."

"त्यांच्या घरून तुमचं सांगून ठेवलेलं नाहीये."

"अगं, मी तिची सख्खी आजी! त्या पलीकडच्या गल्लीत माझंच..."

"सॉरी काकू. फोन केल्याशिवाय नाही सोडता येत. थांबा, लावते."

मावशींचा पारा चढला. आणि चढता चढता मनात आलं, पोरगी पक्की आहे, हिला आपल्याकडे ओढायला हवी. पण फोन लागतोय तो लेकीला. लेक नको म्हणाली तर? 'ठेवा तिला, मी येते न्यायला,' असं म्हणाली तर? ह्या आयांच्या देखत, मोजा लोंबकळत, रिकाम्या हाताने परत जायचं? त्यांनी फाटकाचा गज धरला.

रस्त्यावर गाड्यांचा गोंगाट, म्हणून मुलीने फोन स्पीकरवर टाकला. "मॅडम, एक काकू आल्यात मुलीला न्यायला. आजी आहे म्हणतात. एप्रन घातलाय."

"एप्रन?" लेकीचा आवाज आला.

"हो. खिशातून मोजा लोंबतोय."

मग लेकीने विचारलं, "आत्ता? आत्ता आल्यात त्या? पाळणाघर सोडून?"

"हो ना, समोर उभ्या आहेत. सोडू का मुलीला? कोण आहेत तुमच्या?"

एक बस गेली, मागून एक स्कूटर गेली. मावशींनी गज घट्ट धरला.

"सोडा," लेक म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता. "माझी आई आहे ती."

मुलीने फोन ठेवला. "आणते हं काकू," म्हणून ती वळली.

"काय गं, काय म्हणाली ती?" मावशींनी विचारलं.

"सोडा म्हणाल्या."

"ते झालं. त्याच्या पुढे काय म्हणाली? गाड्यांच्या आवाजात काही कळलंच नाही मला."

"माझी आई आहे ती, असं म्हणाल्या."

"हां," मावशी म्हणाल्या. "फार आवाज आहे बाई तुमच्या ह्या रस्त्याला."

खोटं, साफ खोटं. शब्द न् शब्द ऐकू आला होता. पण इतक्या वर्षांनी मिळालेली गोष्ट माणूस एकदाच कशी घेईल? एप्रनच्या खिशातला रुमाल शोधता शोधता मोजा हाताला लागला, त्यांनी त्यालाच डोळे पुसले.

भिंगरी दारात आली, तिने फाटकाकडे बघितलं आणि जागच्या जागी उडी मारली. "आजीऽऽऽ!"

"ओऽऽ!" मावशींनी अशी ओ दिली की रांगेतल्या सगळ्या आया दचकल्या.

त्यांनी भिंगरीची पिशवी खांद्याला लावली, तिचं बोट धरलं आणि चालायला लागल्या. दहा पावलं गेल्यावर भिंगरी हात ओढायला लागली. "आजी, घर तिकडे!"

"माहितीये गं."

"मग इकडे कुठे?"

"ऑफिस सुटेल ना आता," मावशी म्हणाल्या. "आधी माझ्या मुलीला आणायचंय."